शाळेभोवतीचं गाव

लेक्सिंग्टनला घर बघायला आलेलं जोडपं स्वयंपाकघर नंतर बघतं. आधी विचारतं, या घराला शाळा कुठली लागते? एस्टाब्रुक की फिस्क, ब्रिज की बोमन? मिडल स्कूल क्लार्क की डायमंड? हायस्कूल गावात एकच, म्हणून तो प्रश्न उरत नाही. पाणी किती वाजता येतं आणि स्टेशन किती लांब, हे विचारणाऱ्या डोंबिवलीत मी वाढले; इथे त्या दोन्ही प्रश्नांच्या जागी शाळा आली. आमचंही घर असंच ठरलं. छप्पर जुनं होतं, न्हाणीघर एकच होतं, पण पत्ता हवा तो होता.

मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येला सतरा-अठरा किलोमीटरवरचं हे गाव. २०२० च्या जनगणनेत वस्ती ३४,४५४. त्यातली साधारण एक तृतीयांश माणसं आशियाई वंशाची, म्हणजे मुख्यतः चिनी आणि भारतीय. आईबाप केंब्रिजच्या औषध कंपन्यांत, रूट १२८ या महामार्गाच्या काठच्या तंत्रज्ञान कंपन्यांत, विद्यापीठांत, इस्पितळांत कामाला. आम्ही इथे आलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आता ती सिएटलला नोकरी करते, धाकटा शिकागोला आहे. ज्या कामासाठी आम्ही या गावात आलो ते काम पार पडलं. आता आम्ही इथे कशासाठी राहायचं, हा प्रश्न आमच्या घरात आहे आणि आमच्या बरोबरीच्या बऱ्याच घरांत आहे.

आधी इथलं सुख सांगते, कारण ते खरं आहे आणि आम्ही ते पोटभर उपभोगलं आहे. सकाळी पिवळी बस येऊन थांबते, तिच्या कुशीतला लाल फलक बाहेर उघडतो आणि दोन्ही दिशांची वाहनं जिथल्या तिथे उभी राहतात. कामाला निघालेला डॉक्टर, मालाचा ट्रक, कोणीही हलत नाही. पाठीवर दप्तर घेतलेलं सहा वर्षांचं मूल रस्ता ओलांडतं, आणि तेवढा वेळ अख्खा रस्ता त्याचा असतो. तसा कायदा आहे, मोडला तर दंड आहे. पण लहान मुलाला एवढा मान देणारा दुसरा सार्वजनिक रिवाज मी कुठे पाहिलेला नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही बसच्या मागे गाडी उभी करताना मला बरं वाटतं.

शनिवारी मैदानांवर चार-पाच वर्षांची पोरं चेंडूमागे घोळक्याने धावतात. शिकवणारा कोणाचा तरी बाप असतो, आठवडाभर प्रयोगशाळेत काम करून आलेला, आणि कोणाची तरी आई डब्यात संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असते. कॅरी लायब्ररीतून मुलांनी दोन्ही हातांत मावतील तेवढी पुस्तकं आणावीत. इथे नसलेलं पुस्तक शेजारच्या गावांतून मागवून देतात. उन्हाळ्यात विल्सन फार्मवर मका. हे शेत एकाच घराण्याने १८८४ पासून चालवलं आहे. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली मिनिटमॅन सायकलवाट बेडफर्डपासून लेक्सिंग्टन आणि आर्लिंग्टनमधून केंब्रिजच्या एलवाइफ स्टेशनापर्यंत जाते. माझी दोन्ही मुलं सायकल तिथेच शिकली. घरातून निघून मैत्रिणीकडे, तिथून लायब्ररीत, तिथून आइस्क्रीमला असं ती अकराव्या-बाराव्या वर्षापासून एकटी फिरली आणि मी घरी निवांत स्वयंपाक केला. ती निश्चिंती किती मोलाची आहे हे ज्यांना ती कधी मिळाली नाही त्यांना विचारावं.

आणि एप्रिल. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे कॅप्टन जॉन पार्करची सत्तरेक गावकऱ्यांची फळी इथल्या हिरवळीवर ब्रिटिश फौजेसमोर उभी राहिली. त्यातले आठ जण मेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक म्हणून ही जागा ओळखली जाते. दरवर्षी पॅट्रिअट्स डेला पहाटे साडेपाचच्या सुमाराला गावातलीच माणसं तो प्रसंग पुन्हा उभा करतात. लोक अंधारातच येऊन जागा धरतात, मुलांना दिसावं म्हणून घडीच्या शिड्या घेऊन येतात. धूर, ढोल, आरोळ्या, पडलेली माणसं, मग आसपासच्या चर्चांमध्ये पॅनकेकची न्याहारी. माझी मुलगी ज्या डायमंड शाळेत गेली ती त्या पहाटेच्या ढोलवाल्याच्या, विल्यम डायमंडच्या नावाची. क्लार्क शाळा तेव्हाच्या धर्मोपदेशकाच्या, जोनास क्लार्कच्या नावाची. सामान्य माणसांची नावं शाळांना देणारं गाव मला आवडतं. याच हिरवळीवर १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेले युद्धविरोधी सैनिक रात्री मुक्कामाला थांबले, गावाने परवानगी नाकारली, आणि ४५८ जणांना अटक झाली. त्यात त्यांच्यासोबत बसलेले गावकरीही होते. तीही गोष्ट इथे अभिमानाने सांगितली जाते.

आम्हा मराठी माणसांचं जगणं यात नीट मिसळून जातं. वॉल्थॅमच्या मूडी स्ट्रीटवरून कढीपत्ता आणि गवार आणायची, न्यू इंग्लंड मराठी मंडळाच्या गणपतीला मुलांना झब्बे घालून न्यायचं, रविवारी मराठी शाळेत सोडायचं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली घरं इथे पुष्कळ आहेत. त्यांना आपण या देशात किती वर्षं राहू हे ठाऊक नसतं, तरी त्यांनी तीस वर्षांचं कर्ज घेतलेलं असतं. कशाच्या भरवशावर? शाळेच्या. बाकी सगळं अधांतरी असलं तरी मुलांचं इथलं शिक्षण तरी पक्कं, एवढा एक खुंटा त्यांनी धरलेला असतो.

मात्र हे सुख आपोआप उगवलेलं नाही. ते बांधलेलं आहे, आणि त्याला कुंपण आहे. अमेरिकेत शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात त्या त्या गावाच्या घरपट्टीतून निघतो. शाळा चांगल्या म्हणून घरं महाग, घरं महाग म्हणून कर भरपूर, कर भरपूर म्हणून शाळा चांगल्या. १९८० मध्ये राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने गावाला घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, नव्या बांधकामाची भर तेवढी वेगळी. त्यापुढे जायचं तर मतदान घ्यावं लागतं. लेक्सिंग्टनने शाळांसाठी असं मतदान वेळोवेळी मान्य केलं आहे. नव्या हायस्कूलचा अंदाजित खर्चच साठ कोटी डॉलरच्या वर आहे. आज इथे दहा लाख डॉलरच्या आत स्वतंत्र घर मिळणं दुर्मीळ झालं आहे.

जमिनीचंही तसंच. गावाच्या मोठ्या भागात एका कुटुंबाच्या घराला किमान ३०,००० चौरस फूट जागा हवी, असा नियम आहे. आपल्या हिशेबाने साडेसत्तावीस गुंठे! कोकणात तेवढ्यात घर, विहीर, माड आणि दोन भावांच्या वाटण्या बसतात. १९५० मध्ये गावात सतरा हजारांच्या आसपास माणसं होती. १९५१ मध्ये रूट १२८ झाला, एमआयटीची लिंकन लॅबोरेटरी आली, आणि १९७० पर्यंत वस्ती जवळपास ३२,००० झाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ती अडीच-तीन हजारांनीच वाढली. बॉस्टन परिसरात नोकऱ्या वाढत गेल्या आणि या गावाचं दार मात्र तेवढंच राहिलं, त्यामुळे आत येण्याची किंमत चढत गेली. रेल्वेचंही सांगायला हवं. इथून बॉस्टनला जाणारी प्रवासी गाडी १९७७ मध्ये बंद पडली. मेट्रोची रेड लाइन पुढे लेक्सिंग्टनपर्यंत आणायचा विचार होता, पण मधल्या आर्लिंग्टनने विरोध केला आणि १९८५ मध्ये ती एलवाइफला येऊन थांबली. त्या रुळांच्या जागी ती सुंदर सायकलवाट झाली. मी रोज तिच्यावर चालते आणि तिच्यावर माझं प्रेम आहे. तरीही इथून गाडी सुटत असती तर या गावातली म्हातारी माणसं वेगळं आयुष्य जगली असती, हे मला तिथे चालताना वाटतंच.

त्या म्हाताऱ्या माणसांकडेच मला यायचं होतं.

बाबा गेल्यानंतर आई आमच्याकडे सहा-सहा महिने येऊन राहू लागली. डोंबिवलीत रॉकेलची रांग, बँक, वीजबिल, दोन मुलींच्या लग्नांची खरेदी हे सगळं जिने एकटीने उरकलं, तिला इथे कोथिंबिरीची जुडी आणायची तर माझी वाट बघावी लागायची. दुकान चार किलोमीटरवर, पुष्कळ रस्त्यांना पदपथ नाही, हिवाळ्यात जिथे आहे तिथे बर्फ. गावाने १९७९ मध्ये सुरू केलेली लेक्सप्रेस नावाची छोटी बस आहे. ती चांगली आहे, चालक आईला ओळखू लागला होता. पण ती संध्याकाळनंतर मिळत नाही आणि तासाभराच्या अंतराने येते. आई दिवाणखान्याच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची. कचऱ्याची गाडी कधी येते, टपालवाली किती वाजता वळते, समोरच्या घरातला कुत्रा कोण फिरवतं, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. एक दिवस म्हणाली, "अगं, इथे दुपारी सगळं मुलांच्या सुट्टीची वाट बघत थांबतं." तिने बरोबर बघितलं होतं. अडीच-तीनला बस येते आणि गाव जिवंत होतं.

सायकलवाटेवर तिला एक चिनी आजी भेटली. तीही मुलीकडे आलेली, तिलाही इंग्रजी येत नसे. दोघी रोज ठरलेल्या वेळी बाकावर बसत. आईने तिला मेथी दिली, तिने आईला लसणाच्या पातीसारखी एक भाजी दिली, ती आईने पिठल्यात घातली. बोलणं काय होत असेल ते त्यांनाच माहीत, पण परत येताना आईचा चेहरा उजळलेला असे. २०१५ मध्ये मॅरेट रोडवर कम्युनिटी सेंटर सुरू झालं, तिथे ज्येष्ठांसाठी व्यायाम, खेळ, जेवणं असतात. आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा आता तिथे भेटतात. पण तिथवर पोहोचवायला कोणीतरी गाडी काढावी लागते. गाडी काढणारं माणूस त्या वेळी कामावर असतं.

कुटुंबांसाठी उत्तम, अशी या गावाची ख्याती आहे. त्या कुटुंबात कोण धरलं आहे, ते आईने मला दाखवलं. कमावते दोघे आणि पाच ते अठरा वर्षांची मुलं. आजी त्यात पाहुणी. अविवाहित मावशीला जागा नाही. मुलांच्या शिक्षिकेला, आग विझवायला येणाऱ्या जवानाला, लायब्ररीत गोष्टी सांगणाऱ्या तरुणाला इथे घर परवडत नाही. ते पहाटे उठून दूरच्या गावांतून येतात. काही मुलंसुद्धा दुरून येतात. मेटको नावाची योजना १९६६ मध्ये सुरू झाली. बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीय मुलांना उपनगरांच्या शाळांत शिकायला मिळावं हा तिचा हेतू, आणि लेक्सिंग्टन त्यात भाग घेणारं गाव आहे. त्या मुलांना आमच्या मुलांसारखंच शिक्षण मिळावं म्हणून अंधारात उठून बस पकडावी लागते. त्यांच्यापैकी एक मुलगा माझ्या धाकट्याचा जिवलग मित्र होता. संध्याकाळी उशीर झाला की त्याला घरी पोहोचवायला मी बॉस्टनला जात असे. गाडीत मागे तो झोपलेला असायचा, गणिताची वही मांडीवर. त्याचा दिवस माझ्या मुलाच्या दिवसापेक्षा दोन-अडीच तासांनी मोठा होता आणि शाळा एकच होती.

आतल्या मुलांचंही सगळं फुलासारखं नाही. एवढी किंमत मोजून आईबाप आले, म्हटल्यावर ती किंमत मुलांच्या लक्षात येतेच, कोणी बोलून दाखवो न दाखवो. गणिताचा संघ, विज्ञान स्पर्धा, वाद्यवृंद, वादविवाद, आणि रात्री एकपर्यंत गृहपाठ. इथल्या मुलांवरच्या ताणाबद्दल न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये मोठा लेख छापला होता. त्याआधीपासून शाळा आणि पालक त्यावर बोलत होते, गृहपाठ कमी करणं, सुट्टीत गृहपाठ न देणं, असे प्रयत्नही झाले. माझी मुलगी अकरावीत असताना एकदा म्हणाली होती, "आई, या गावात साधारण असणं कोणाला परवडत नाही." सोळा वर्षांच्या मुलीने हे म्हणावं याचं मला अजून वाईट वाटतं. जिथे सगळेच डॉक्टर आणि इंजिनिअर, तिथे मुलांना वेगवेगळ्या तऱ्हांनी जगणारी मोठी माणसं दिसतच नाहीत. सुतार दिसत नाही, दुकानदार क्वचित दिसतो, थोडं कमावून समाधानात असलेलं माणूस शेजारी राहत नाही. ते राहत असतं तर मुलांच्या छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

हे गाव नेहमी असं नव्हतं. १९४८ च्या सुमाराला वॉल्टर ग्रोपियसच्या सोबतीने काम करणाऱ्या तरुण वास्तुविशारदांनी इथल्या सिक्स मून हिल या टेकडीवर आपली घरं बांधली. साधी, सपाट छपरांची, झाडांत दडलेली, मुलंबाळं असलेल्या बेताच्या मिळकतीच्या जोडप्यांना झेपतील अशी. पन्नासच्या दशकातली लहान घरंही गावभर होती. आता त्यातलं एक विकलं गेलं की बिल्डर घेतो, पाडतो, आणि दोन गाड्यांच्या गॅरेजसकट पाच झोपायच्या खोल्यांचं घर उभं करतो. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. नवरा गेल्यावर त्यांना जिना झेपेना. चाळीसहून अधिक वर्षं ज्या गावात काढली, तिथेच दोन खोल्यांची जागा त्यांनी वर्षभर शोधली. मिळाली नाही. त्या न्यू हॅम्पशायरला लेकाच्या गावी गेल्या आणि त्यांचं घर तीन दिवसांत जमीनदोस्त झालं. दर जूनमध्ये हायस्कूलचा पदवीदान समारंभ झाला की गावात विक्रीच्या पाट्या लागतात. शेवटचं मूल बाहेर पडलं, आता एवढी घरपट्टी कशाला भरायची, हा हिशेब चुकीचा नाही. पण त्या हिशेबाने या गावातली आठवण ठेवणारी माणसं एकेक करून निघून जातात.

२०२१ मध्ये राज्याने कायदा केला की बॉस्टनच्या वाहतूक जाळ्यातल्या गावांनी एकाच जागी अनेक कुटुंबांची घरं बांधायला नियमाने मुभा द्यावी. लेक्सिंग्टनने एप्रिल २०२३ मध्ये, बाकी गावांच्या बरेच आधी, ती मोठ्या मनाने दिली. त्या दिवशी मला माझ्या गावाचा फार अभिमान वाटला. मग हजाराहून जास्त घरांचे प्रस्ताव आले. हायस्कूलची इमारत पन्नासच्या दशकातली, मुलं आधीच तिच्या क्षमतेपेक्षा जास्त; लोक घाबरले. मार्च २०२५ मध्ये टाउन मीटिंगने, म्हणजे गावाच्या निवडून आलेल्या सभेने, मुभा दिलेलं क्षेत्र बरंच कमी केलं. वर्ग भरून वाहतील ही भीती खोटी नव्हती, आणि ती बोलून दाखवणारी माणसं वाईट नव्हती. तरी मला वाटतं निर्णय चुकला. मोठ्या घरात दोन-तीन मुलं येतात. लहान सदनिकांत माझ्या शेजारीणबाई आल्या असत्या, मुलांची शिक्षिका आली असती, आमच्यासारखे मुलं मोठी झालेले आले असते आणि आपलं मोठं घर नव्या कुटुंबासाठी मोकळं करून दिलं असतं.

एक दार अजून उघडं आहे. राज्याच्या २०२४ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२५ पासून एका कुटुंबाच्या घराच्या आवारात ९०० चौरस फुटांपर्यंतचं दुसरं छोटं घर खास परवानगीशिवाय बांधता येतं. आम्ही गॅरेजच्या जागी ते बांधायचं ठरवलं आहे. खाली एकच मजला, रुंद दार, पायरी नाही. आई आता डोंबिवलीतच असते, तिला इतका लांबचा प्रवास झेपत नाही. पुढे त्यात आम्ही राहू आणि मोठं घर मुलंबाळं असलेल्या कोणाला तरी भाड्याने देऊ. तोवर तिथे गावातली एखादी तरुण शिक्षिका राहिली तर आम्हाला आनंद होईल.

इथल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. आपण शाळेसाठी आलो हे खरं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मुलाचं पदवीदान झालं की लगेच पाटी लावू नका. ज्यांना नागरिकत्व मिळालं आहे त्यांनी मार्चच्या गावनिवडणुकीत मत द्यावं, टाउन मीटिंगच्या १८९ निवडून येणाऱ्या जागांसाठी उभं राहावं, आणि पुन्हा घरांचा प्रश्न येईल तेव्हा लहान घरांच्या बाजूने बोलावं. ज्यांना अजून मत नाही त्यांनी सभेला येऊन बसावं, पत्रं लिहावीत. तुमची आई पुढच्या उन्हाळ्यात येईल तेव्हा तिला कम्युनिटी सेंटरला घेऊन या. येताना रस्त्यावरच्या आणखी एखाद्या आजीला गाडीत घ्या.